तळ कोठें द्यावा?

ठाण्यास टेंभी नाक्यावर ज्याचें सारें आयुष्य गेलें, त्यानें उघड्या माळावर तंबू ठोकून रात्र कशी काढावी हें लोकांस सांगावें, ही गोष्ट ऐकणारास जराशी चमत्कारिक वाटेल. आमच्या नाक्यावर खरी रात्र अशी होतच नाहीं. रिक्षांचे कर्णे, नवरात्रांतील देवीच्या उत्सवाची गर्दी, पहांटेपासून स्टेशनाकडे लागलेली माणसांची रांग, ह्यांत आमचे कान तयार झालेले. १८५३ सालीं हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली, तेव्हांपासून ठाणेकर बाहेर पडतो तो गाडीची वेळ पाहून, आणि रात्रीं मुकाट्यानें घरीं परततो. परंतु शाळेंतून निवृत्त झाल्यावर नातवंडांच्या हट्टापुढें माझें कांहीं चाललें नाहीं. २०१६ सालापासून आम्ही घरचीं दहा माणसें वर्षांतून तीनचार वेळां कोठें ना कोठें तंबू घेऊन मुक्कामास जातों. आतां शेजारची मंडळी विचारूं लागली आहेत: "मास्तर, मुलें लहान आहेत, घरांत म्हातारी माणसें आहेत, कोठें जावें?" ह्याचें उत्तर मीं तोंडीं इतक्या वेळां दिलें आहे कीं, तें एकदां लिहून काढावें असें वाटलें.

जागा निवडण्याचें शास्त्र मला अवगत आहे, असा आरंभीं माझा समज होता. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील दहाव्या अधिकरणांत सैन्याच्या तळाविषयीं स्वतंत्र विचार आहे. जागा पाहावयास नायक, सुतार आणि ज्योतिषी ह्या तिघांनीं जावें, भूमीप्रमाणें तळ वाटोळा, लांबट किंवा चौकोनी करावा, आणि वाटेंतले मुक्काम चारा, सरपण व पाणी ह्यांच्या सोयीनें आधींच मोजून ठेवावे, असें आचार्यांचें सांगणें. तें वाचून मी नायक झालों. थोरले चिरंजीव खुंट्या ठोकण्यांत पटाईत म्हणून ते सुतार. आणि पंचांग सौभाग्यवतीच्या हातीं असल्यानें ज्योतिषाचें काम तिच्याकडे. ह्या व्यवस्थेंत सुनांना कोठेंच जागा नव्हती. तें कोणाच्या ध्यानींही आलें नाहीं.

२०१७ सालच्या ऑक्टोबरांत, परतीचा पाऊस अद्याप पुरता ओसरला नव्हता तेव्हां, आम्ही कल्याण-मुरबाडच्या वाटेनें माळशेजच्या पायथ्याशीं गेलों. एका ओढ्याच्या कांठीं वाळूची सपाट, झाडून घेतल्यासारखी जागा दिसली. पाण्याचा मंद आवाज, पलीकडे सह्याद्रीची भिंत, डोक्यावर निरभ्र आकाश. मीं तेथेंच तळ देण्याचा हुकूम केला. धाकटी सून मात्र करंजाच्या एका झुडपापाशीं उभी राहून कांहीं पाहत होती. ती म्हणाली, "मामंजी, ह्या फांद्यांत काडीकचरा अडकला आहे, तो माझ्या कमरेइतक्या उंचीवर आहे. पाणी येथपर्यंत येतें." तिचें माहेर चिपळूणचें. २००५ सालच्या जुलैंतील वाशिष्ठीचा पूर तिनें माळ्यावर बसून पाहिलेला. मीं हंसून सांगितलें, "सूनबाई, तो आषाढांतला कचरा. आतां आश्विन चालला आहे." ती पुढें बोलली नाहीं. तिनें आपल्या दोन्ही मुलींचा तंबू मात्र वरच्या शेताच्या बांधावर नेला, आणि "तेथें माती मऊ आहे, गुडघ्यांना बरी" असें सांगून सासूबाईंनाही तिकडेच नेलें. थोरली जाऊ व तिची मुलगीही मागाहून गेल्या. खालीं राहिलों आम्ही तिघे पुरुष आणि बारा वर्षांचा नातू.

रात्रीं दोनच्या सुमारास मला जाग आली ती आवाजानें. घाटांतून जड मालमोटार उतरते आहे असें प्रथम वाटलें. आमच्यावर एक थेंबही पडला नव्हता. पण घाटमाथ्यावर विजा होऊन पाऊस कोसळला होता, आणि त्याचें पाणी आतां खालीं पोंचत होतें. उठून बसेपर्यंत अंथरूण भिजलें, आणि बाहेर आलों तेव्हां पाणी गुडघ्याला लागलें. चष्मा सांपडेना. मी नातवाचा हात धरून निघालों तो अंधारांत उलट्या बाजूस, ओढ्याच्या पात्राकडे! वरून सुनेची हांक ऐकूं आली, "मामंजी, उजेडाकडे या! आवाजाकडे नव्हे, उजेडाकडे!" ती बांधावर बॅटरी धरून उभी होती. मी वळलों तोंच पोराचा पाय घसरला आणि हात सुटला. करंजाचें तेंच झुडूप त्याच्या हातीं लागलें, व थोरल्यानें मागून येऊन त्याला उचललें. हें सारें घडण्यास पांच मिनिटांहून अधिक वेळ लागला नसेल. दोन तंबू, भांडीं, सतरंज्या आणि माझी मेघदूताची जुनी प्रत वाहून गेली.

सुनेनें त्या रात्रीं, कीं पुढें कधींही, "मीं सांगितलें होतें" असें म्हटलें नाहीं. म्हटलें असतें तर मला सोपें गेलें असतें. पंधरा दिवस मी जेवतांना ताटावरून मान वर केली नाहीं. मग एके दिवशीं दोनशें पानांची वही विकत आणून तिच्यापुढें ठेविली, आणि यापुढें जागा तूं पाहावी, शेरे तूं लिहावे, असें सांगितलें. खालीं जें लिहितों आहें त्यांतील बहुतेक त्या वहींतील आहे.

तिची पाहण्याची रीत अशी. जागेवर पोंचतांच देखावा पाहावयाचा नाहीं. आधीं पाणी किती उंचीपर्यंत चढून गेलें आहे त्याची खूण शोधावयाची. झुडपांत अडकलेला कचरा, खडकावरील गाळाची रेघ, मुळें उघडीं पडलेलीं झाडें, ह्या त्या खुणा. वाळू सपाट आणि स्वच्छ आहे ह्याचा अर्थ ती पाण्यानें धुतली आहे, एवढाच. दुसरें, रात्रीं उठून निघावें लागलें तर गाडीपर्यंत वाट कोणती, आणि ती अंधारांत आजींना चालवेल काय? तिसरें, पिण्याचें पाणी कोणाच्या विहिरीचें अगर नळाचें, आणि त्या घरची परवानगी आहे काय? चौथा प्रश्न स्त्रियांच्या सोयीचा. तो मासिकांत लिहूं नये असें कोणास वाटेल. पण तो लिहावयाचा नसेल तर बाकीचें लिहिण्यांत अर्थ नाहीं. आम्हां पुरुषांस रान सर्वत्र मोकळें असतें. आमची थोरली सून पहिल्या कांहीं मुक्कामांत दुपारपासून पाणी पीतच नसे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. दोन प्रवासांनंतर तिला ताप भरला, आणि डॉक्टरीणबाईंनीं खोदून विचारलें तेव्हां कारण कळलें. तेव्हांपासून संडास किती, त्यांत पाणी आहे काय, दाराला आंतून कडी आहे काय आणि वाटेवर दिवा आहे काय, हें आधीं फोन करून विचारल्यावांचून आमची गाडी ठाण्याची हद्द ओलांडीत नाहीं.

आतां जागा. आमच्या वहींत सर्वांत अधिक पानें भंडारदऱ्यास मिळालीं आहेत. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, बारी ह्या वाटेनें ठाण्याहून सुमारें १५० किलोमीटर. मोटार नसेल तर आगगाडीनें इगतपुरी, व तेथून सडकेनें. प्रवरा नदीवरील धरणाचें काम १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें. विल्सन हें त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नराचें नांव. जलाशयाच्या भोंवतीं शेंडी, मुरशेत, पांजरे, रतनवाडी अशीं गांवें असून बहुतेक ठिकाणीं गांवकरी आपल्या जागेंत तंबू देतात किंवा आपले तंबू लावूं देतात. महादेव कोळी आणि ठाकर लोकांचीं हीं घरें. नाचणीची भाकरी, पिठलें, ठेंचा आणि भात असें जेवण चुलीवरून थेट पानांत येतें.

पाण्याच्या अगदीं कडेला तंबू मागूं नये. तसे मागणारे पुष्कळ, कारण छायाचित्र चांगलें येतें. पण रात्रीं जलाशयावरून येणारा वारा पाण्यालगतच्या तंबूस झोंबतो, आणि दिवाळीनंतरची तेथील थंडी म्हाताऱ्या हाडांस सोसत नाहीं. गांवालगत, झाडांच्या आडोशाला, घराच्या हांकेच्या अंतरावर जागा घ्यावी. रतनवाडीस आम्ही अशा एका अंगणांत तीनदां उतरलों. सकाळीं अमृतेश्वराच्या देवळांत जावें. शिलाहारकालीन मानलें जाणारें हें देऊळ आणि शेजारची कोरीव पुष्करिणी पाहण्यास घाईनें जाणाऱ्यांस अर्धा तास पुरतो. आम्हांस सकाळ पुरली नाहीं. वर रतनगड दिसतो. मुलगे गडावर गेले, आणि मी व सौभाग्यवती पुष्करिणीच्या पायरीवर बसून राहिलों. चाळीस वर्षांच्या संसारांत इतका वेळ आम्ही दोघेंच कधीं बसलों नव्हतों, हें तिच्याच ध्यानीं आलें.

मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत ह्याच भागांत काजव्यांचा हंगाम असतो. संस्कृतांत काजव्यास खद्योत म्हणतात. सूर्यापुढें मिरविणारा क्षुद्र जीव म्हणून कवींनीं त्याची टवाळी केलेली मीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविली. परंतु हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारों काजवे जमून सारें झाड एकाच ठेक्यांत उजळतें आणि विझतें, तें पाहिल्यावर मला त्या कवींविषयीं शंका आली. त्यांनीं काजवा एकेकटाच पाहिला असावा. हा प्रकाश नर मादीला बोलावण्यासाठीं पाडतो. म्हणून आपल्या मोटारीचे दिवे आणि बॅटऱ्या त्या झाडांवर पडल्या म्हणजे त्यांचें बोलणेंच तुटतें. ह्या दिवसांत शनिवार-रविवार इतकी वाहनें लोटतात कीं काजवे पाहावयास आलेला माणूस मागच्या गाडीचे दिवेच पाहून परततो. मंगळवार-बुधवारीं जावें. हा सर्व भाग अभयारण्याचा असल्यानें वन खात्याचे त्या वर्षींचे नियम आधीं विचारून घ्यावे. आणि वळवाचे दिवस असतात, तेव्हां ओढ्यांपासून दूर! हें मीं सांगावें असें नाहीं, पण सांगतों.

समुद्राची आवड असणारांनीं केळवें पाहावें. पूर्वीं हें ठाणें जिल्ह्यांतच होतें. २०१४ पासून पालघर जिल्हा वेगळा झाला. पश्चिम रेल्वेच्या लोकल २०१३ पासून डहाणूपर्यंत जाऊं लागल्यामुळें दादरास गाडी बदलून केळवें रोड स्टेशनावर उतरतां येतें, व तेथून रिक्षा मिळते. शीतळादेवीचें देऊळ, पानवेलींचे मळे, पोर्तुगीजांचे लहान कोट आणि किनाऱ्याला लागून सुरूचें बन. वाळू भुसभुशीत, चढ नाहीं, म्हणून गुडघे दुखणारांस ही जागा भंडारदऱ्याहून बरी. तंबू बनाच्या आंतल्या अंगास किंवा एखाद्या वाडींत, घरमालकाच्या संमतीनें लावावा.

येथें आमच्या ज्योतिषाचें महत्त्व सिद्ध झालें. चांदण्यासाठीं लोक हटकून पौर्णिमा निवडतात. आणि मोठें उधाण येतें तें पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, त्यांतही मध्यरात्रीच्या आसपास. संध्याकाळीं समुद्र दूर गेलेला पाहून वाळूवर पथारी टाकणारास बारा वाजतां तो येऊन उठवितो. कोकणांतल्या दर्यावर्दी लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तो भरतीचा तास. अष्टमीस सहा, दशमीस साडेसात, पौर्णिमेस सव्वाअकरा. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं ओहोटी. सौभाग्यवतीनें हा हिशेब ऐकतांच पंचांग काढून सांगितलें, "मग दशमीस जाऊं. चांदणेंही मिळेल आणि झोपही." नातवंडांना ती आतां हा पाढा म्हणावयास लावते. ओहोटीच्या वेळीं मात्र मुलांना पाण्यांत सोडूं नये. परतणारें पाणी पायाखालची वाळू ओढून नेतें.

पवना धरणाच्या जलाशयाची कीर्ति हल्लीं फार झाली आहे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चारी किल्ले भोंवतीं, आणि लोणावळ्याहून जवळ. देखाव्याविषयीं तक्रार नाहीं. आम्ही एका शनिवारीं गेलों तेव्हां जागेच्या चालकानें फोनवर "कौटुंबिक वातावरण" असें सांगितलें होतें. प्रत्यक्षांत रात्रीं एक वाजेपर्यंत ध्वनिक्षेपक, आणि शेजारच्या तंबूंत बाटल्या. चारचारदां सांगूनही कोणी ऐकेना. वहींत ह्या जागेपुढें "गोंगाट" एवढाच शब्द आहे. अगदीं जावयाचें असल्यास आठवड्याच्या मधल्या वारीं जावें, एकूण तंबू किती आणि ध्वनिक्षेपक किती वाजतां बंद होतो हें लेखी विचारावें, आणि त्या पाण्यांत कोणालाही, पोहतां येत असलें तरी, उतरूं देऊं नये. तळाशीं गाळ आहे आणि खोली एकाएकीं वाढते.

नाणेघाटाची गोष्ट निराळी. कल्याणाहून जुन्नराकडे जाणारा हा दोन हजार वर्षांपूर्वींचा व्यापारी रस्ता, आणि घाटाच्या तोंडाशीं कोरलेली लेणी वाटसरूंच्या विसाव्यासाठींच असावीत असें त्यांची ठेवण पाहतां वाटतें. बसावयास दगडी बांक, जवळ पाण्याचीं टांकीं, आणि वर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण. भिंतींवर ब्राह्मी लिपींतील, प्राकृत भाषेंतील, राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाईंची आणि नाण्यांची संख्या त्यांत आंकड्यांनीं लिहिली असून भारतांतील अतिप्राचीन आंकड्यांमध्यें त्यांची गणना होते. मुरबाडच्या बाजूनें वैशाखरे गांवावरून चढण आहे, ती तरुणांसाठीं. जुन्नरच्या बाजूनें मोटार माथ्यापर्यंत जाते, व आजी त्या बाजूनें आल्या. लेण्यांत मात्र झोपूं नये आणि चूल तर मुळींच पेटवूं नये. धुरानें काय होतें तें छतावर दिसतें. माथ्यावर वारा इतका कीं तंबूची दोरी दगडांना बांधावी लागली. उत्तम जागा, पण फेब्रुवारीनंतर पाणी आपलें आपण न्यावें.

जवळच्या जागांविषयीं लोक फार विचारतात. येऊर आमच्या नाक्यापासून हांकेवर आहे; परंतु तें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचें रान असून त्यांत बिबळे आहेत, आणि वन खात्याच्या परवानगीवांचून तेथें रात्र काढतां येत नाहीं. पहांटे जाऊन पक्षी ऐकावे आणि चहाला घरीं यावें. बदलापूरजवळचें कोंडेश्वर हिंवाळ्यांत देवदर्शनास चांगलें. पावसाळ्यांत तेथील कुंडानें पुष्कळांचा बळी घेतला आहे, आणि अशा जागांविषयीं जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम निघतात ते मोडण्यासाठीं नसतात. आसनगांवचा माहुली किल्ला तरुणांनीं चढावा. १६३६ सालीं शहाजीराजांनीं मोंगल व आदिलशाही फौजांना जेथें शेवटची झुंज दिली तो हा किल्ला, हें मुलांस सांगावें. मुक्काम पायथ्याच्या गांवांत करावा.

कित्येकांस वाटेल कीं एवढी चौकशी करून रानांत जाण्यापेक्षां घरीं पंख्याखालीं निजावें. आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनीं मला तसें म्हटलेंही. परंतु ते दोनदां आमच्याबरोबर आले, आणि तिसऱ्या वेळीं केव्हां जावयाचें असें त्यांच्या मातोश्रीच विचारीत आहेत. त्यांचें वय ८१.

वहीच्या पहिल्या पानावर माळशेजच्या पायथ्याच्या त्या ओढ्याचें नांव आहे. त्यापुढें शेरा सुनेनें लिहिला नाहीं; जागा तिनें कोरीच ठेविली होती. तो मागाहून मीं माझ्या हातानें लिहिला आहे, तारीख घालून. येत्या डिसेंबरांत पुन्हां रतनवाडीस जावयाचें ठरत आहे. काल संध्याकाळीं सूनबाई तेथल्या घरधनिणीशीं फोनवर बोलत होत्या. संडासाच्या वाटेवर नवा दिवा लावला आहे, असें तिकडून कळलें. तरी कडीचें काय, असें थोरल्या सुनेनें आंतून ओरडून विचारलें.